भाकीत आणि भोक

.३०८ विंचेस्टर काडतुसातली १७५ ग्रेनची गोळी सेकंदाला २६०० फूट, म्हणजे सुमारे ७९० मीटर वेगानं नळीतून सुटते. लक्ष्य १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर असेल, तर तिथवर जायला तिला पावणेदोन सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्या वेळात ती नळीच्या सरळ रेषेपासून जवळजवळ ११ मीटर खाली आलेली असते. हवा नसतीच, तर हा ड्रॉप साडेसहा मीटर भरला असता. बाकीचे साडेचार मीटर हवेच्या खात्यात जमा. हवा गोळीला खाली ढकलत नाही. ती गोळीला उशीर करते, आणि उशीर झाला की गुरुत्वाकर्षणाला ओढायला जास्त वेळ मिळतो. साडेसहा मीटरांचा हिशेब शाळेतल्या सूत्रानं होतो, त्यात वादाला जागा नाही. लांब पल्ल्याच्या नेमबाजीतलं खरं भांडण आहे ते उरलेल्या साडेचार मीटरांवर.

हे भांडण किती बारीक आहे ते पाहा. अमेरिकेतल्या १००० यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ २० इंच व्यासाचं असतं. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत फक्त १० इंच. एकूण ११ मीटर, म्हणजे सुमारे ४३३ इंचांच्या घसरणीचं भाकीत सव्वादोन टक्क्यांनी चुकलं, तर गोळी मध्यावरून निघून वर्तुळाच्या कडेवर जाते. वारा शून्य, श्वास आवरलेला, ट्रिगर अगदी स्वच्छ दाबलेला. तरी गोळी कडेवर.

मराठी वाचकाच्या ओळखीची रायफल नेमबाजी याहून वेगळी. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. तिथे दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं, पण अंतर कधीच बदलत नाही. .२२ची गोळी ५० मीटरांत साधारण १२ सेंटिमीटर खाली येते, आणि ते १२ सेंटिमीटर साइटच्या क्लिकमध्ये एकदा बसवले की बसले. कसोटी असते ती शरीराची आणि मनाची. ड्रॉपचं भाकीत करायची वेळ येत नाही.

इंग्लंडमधल्या बिस्लीला १८९०पासून लांब पल्ल्याच्या स्पर्धा होत आल्या आहेत. तिथल्या स्टिकलडाउन रेंजवर १२०० यार्डांपर्यंत गोळी झाडता येते. तिथेही जुनी रीत गणिताची नव्हे, वहीची आहे. अंतर आधीपासून ठाऊक असतं आणि सुरुवातीला गुण न धरता झाडायच्या सायटर गोळ्या मिळतात. मागच्या वेळी ९०० यार्डांना साइट कुठे होती हे वहीत पाहायचं, तिथे लावायची, सायटर कुठे लागली ते बघून एखाददुसरा क्लिक फिरवायचा. पिढ्यान्‌पिढ्या उत्तम नेमबाज याच पद्धतीनं घडले.

अमेरिकेतल्या प्रिसिजन रायफल सिरीजसारख्या नव्या स्पर्धांनी हे चित्र बदललं. तिथे लोखंडी पाट्या वेगवेगळ्या अंतरांवर टांगलेल्या असतात: एक ४३५ यार्डांवर, पुढची ७१०वर, त्यापुढची ९८०वर. सायटर नाही आणि पहिल्या गोळीलाच गुण. अशा ठिकाणी प्रत्येक अंतराची स्वतंत्र नोंद कुणाकडेच असू शकत नाही. हवा असतो तो अख्खा वक्र, आणि तो गणितातूनच येतो. फोनवरचं अ‍ॅप सांगतं की १०० यार्डांच्या झीरोपासून, म्हणजे नेम आणि भोक जिथे जुळवून ठेवलं त्या साइटच्या जागेपासून, १००० यार्डांना ३८.५ एमओए वर चढा. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० यार्डांवर १.०४७ इंच. नेमबाज ३८.५ लावतो, गोळ्या झाडतो, आणि भोकं पडतात ती मध्याच्या फूटभर खाली. आता काय करायचं?

सर्वांत सोपा उपाय सर्वांत जास्त वापरला जातो. अ‍ॅपमधला गोळीचा वेग थोडा कमी करायचा, आणखी थोडा कमी करायचा, पडद्यावर ३९.७ दिसेपर्यंत करत राहायचं. भाकीत आणि भोक जुळलं, काम झालं असं वाटतं. माझं मत याच्या उलट आहे. आकडा जुळवणं हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. ते पहिलं टाकलं, तर भाकीत त्या एका अंतरावर बरोबर येतं आणि इतर अंतरांवर का चुकतं, हे शोधायचा मार्गच बंद होतो.

भाकीत भोकाशी ताडून पाहायची शिस्त आली ती अठराव्या शतकात. गॅलिलिओनं १६३८मध्ये फेकलेल्या वस्तूचा मार्ग परवलय असतो हे मांडलं, आणि त्यानंतर शंभर वर्षं तोफखान्याची पुस्तकं तेच परवलय गिरवत राहिली. हवेचा अडथळा असतो हे माहीत होतं, पण जड गोळ्याला तो फारसा लागत नसेल अशी समजूत होती. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं १७४२च्या ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या ग्रंथात ती समजूत मोडून काढली, तीही मोजमापानं. त्यानं एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगला आणि त्यावर बंदुकीची गोळी झाडली. ठोकळा किती झोका घेतो त्यावरून गोळीचा वेग काढला. मग तोच लंबक बंदुकीपासून दूर नेला, पुन्हा झाडली, पुन्हा वेग काढला. दोन वेगांमधला फरक म्हणजे वाटेत हवेनं खाल्लेला वेग. तो इतका मोठा निघाला की वेगवान गोळीसाठी परवलय हा कामाचा अंदाजही राहिला नाही. ऑयलरसारख्या गणितज्ञानं १७४५मध्ये या पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं आणि त्याला स्वतःच्या टिपा जोडल्या. पुढे रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांचा मुख्य अभियंता म्हणून भारतात आला आणि १७५१मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. आज क्रोनोग्राफ लावून वेग मोजणारा प्रत्येक नेमबाज त्याच्याच रस्त्यानं चालतो आहे.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस बॅशफोर्थ या धर्मोपदेशकानं तोफगोळ्याच्या वाटेत ओळीनं पडदे उभे केले आणि गोळा प्रत्येक पडदा कधी फाडतो याची विजेच्या साहाय्यानं नोंद घेतली. अशा प्रयोगांमधून हवेच्या अडथळ्याचे तक्ते तयार झाले. विसाव्या शतकात प्रश्न उरला तो आकडेमोडीचा. तोफगोळ्याच्या एका मार्गाचा हिशेब करायला टेबलावरचं गणकयंत्र घेऊन बसलेल्या माणसाला वीसेक तास लागत. अमेरिकी लष्करानं एनियाक हा संगणक बांधायला घेतला तो याच कामासाठी, आणि १९४६मध्ये जगासमोर आलेल्या त्या यंत्रानं तेच काम अर्ध्या मिनिटात केलं. आता खिशातला फोन ते डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. गणिताचा खोळंबा संपला, पण त्यात घातलेल्या आकड्यांचा खोळंबा तसाच आहे.

त्यातला सर्वांत गैरसमजाचा आकडा म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशंट, नेमबाजांच्या बोलण्यात बीसी. आपली गोळी एका प्रमाण गोळीच्या तुलनेत हवा किती सहज कापते हे तो सांगतो. म्हणजेच तो उसना आकडा आहे. प्रमाण गोळी कोणती हे ठरल्याशिवाय त्याला अर्थ नाही. जी-१ ही प्रमाण गोळी एकोणिसाव्या शतकातल्या तोफगोळ्याच्या धाटणीची आहे, सपाट बुडाची आणि आखूड नाकाची. आजची लांब पल्ल्याची गोळी लांब, टोकदार आणि मागे निमुळती होत जाणारी असते. ती जी-७ या प्रमाण गोळीशी बरीच जास्त जुळते. चुकीच्या प्रमाण गोळीशी तुलना केली, तर बीसी वेगाबरोबर बदलत राहतो. म्हणूनच सिएरा कंपनी १७५ ग्रेनच्या मॅचकिंग गोळीचा जी-१ बीसी एका आकड्यात देत नाही; वेग उतरत जातो तसा तो .५०५, .४९६ आणि .४८५ असा पायरीपायरीनं देते. जी-७मध्ये तीच गोळी .२४३च्या आसपास एका आकड्यात मावते. अमेरिकी बॅलिस्टिक्सतज्ज्ञ ब्रायन लिट्झ यांनी अनेक गोळ्यांच्या उड्डाणाची वेळ प्रत्यक्ष मोजून असे आकडे प्रसिद्ध केले, तेव्हापासून जी-७ सामान्य नेमबाजापर्यंत पोहोचला. माझं सांगणं एवढंच, की लांब गोळीसाठी अ‍ॅपमध्ये जी-१ निवडून मग भोकाशी भांडत बसू नका.

आता मुख्य मुद्दा. भाकीत चुकतं तेव्हा चूक किती आहे यापेक्षा अंतराबरोबर ती कशी वाढते हे जास्त बोलकं असतं. झीरोच अर्धा एमओए चुकलेला असेल, तर ३०० यार्डांना अर्धा, ६००ना अर्धा आणि १०००लाही अर्धाच एमओए फरक पडेल. इंचांत तो वाढेल, कोनात मात्र तसाच राहील. असं दिसलं की बाकी कशालाही हात न लावता १०० यार्डांना परत यायचं आणि झीरो पुन्हा तपासायचा.

वेगाचा आकडा चुकलेला असेल, तर चूक ड्रॉपच्या जवळजवळ ठरावीक टक्क्यांत येते. वेग एक टक्का कमी तर ड्रॉप दोन टक्के जास्त, असं ढोबळ प्रमाण आहे. आपल्या १७५ ग्रेनच्या गोळीचा खरा वेग २६००ऐवजी २५७५ फूट असला, तर ६०० यार्डांना सुमारे ०.३ एमओए आणि १००० यार्डांना ०.८ एमओए फरक पडतो. बीसी चुकला असेल तर गोष्ट वेगळी. हवेचा अडथळा वाटेत साचत जातो, त्यामुळे सुरुवातीला चूक दिसतच नाही आणि पुढे झपाट्यानं वाढते. बीसी ५ टक्क्यांनी फुगवलेला असला, तर ६०० यार्डांना फरक पाव एमओए, आणि १०००ला १.२ एमओएच्या आसपास.

हे आकडे शेजारी ठेवून पाहा. ६०० यार्डांना एकीकडे ०.३, दुसरीकडे ०.२५. बऱ्याच स्कोपचा एक क्लिक पाव एमओएचा असतो. म्हणजे ६०० यार्डांवर झाडून वेग चुकला की बीसी चुकला हे जगातल्या कुणालाही सांगता येणार नाही. आणि नेमकं याच अंतरावर बरेच जण आकडा जुळवून घरी जातात, कारण ६०० यार्डांची जागा मिळते, १०००ची सहज मिळत नाही. समजा खरी चूक बीसीची होती आणि नेमबाजानं ६०० यार्डांवरचा पाव एमओए भरून काढायला वेग २० फुटांनी उतरवला. ६००ला भाकीत आणि भोक तंतोतंत जुळलं. १०००ला त्या दुरुस्तीनं ०.६५ एमओए भरून निघतील, हवे होते १.२. उरलेला अर्ध्याहून जास्त एमओए म्हणजे साडेपाच-सहा इंच, दहाच्या वर्तुळाच्या त्रिज्येचा अर्ध्याहून मोठा तुकडा. उलट बाजूनं पाहिलं तर इतकं नुकसान नाही. १०००ला जुळवून मागे ६००ला आलं, तर हीच चुकीची दुरुस्ती जेमतेम सव्वा इंचाचा फरक पाडते. म्हणून जुळवायचं असेल तर दूर जाऊन जुळवावं. जवळ जुळवलेला वक्र दूरवर नेला की तो फसवतोच.

आणखी एक चूक याहून लबाड आहे. स्कोपचा डायल ३८.५ दाखवतो, पण आतली भिंग-नळी खरोखर तितकी फिरली का? काही स्कोप दोन टक्के कमी फिरतात. दोन टक्के कमी चढलेला स्कोप आणि एक टक्का कमी असलेला वेग, दोघांचे परिणाम जवळजवळ सारखे दिसतात, कारण दोन्ही चुका ड्रॉपच्या ठरावीक टक्क्यांत येतात. नेमबाज अ‍ॅपमधला वेग कमी करतो आणि सगळ्या अंतरांवर भाकीत छान जुळतं. प्रत्यक्षात त्यानं स्कोपचा दोष गोळीच्या नावावर लिहिलेला असतो. पुढे तो तीच गोळी दुसऱ्या स्कोपखाली झाडतो किंवा थंड हवेच्या ठिकाणी जातो, आणि हिशेब पुन्हा विस्कटतो.

स्कोपची परीक्षा घेणं अवघड नाही, नेमबाज ती टाळतात एवढंच. चारेक फूट उंचीचा कागद फळीवर ताणून लावा. त्यावर ओळंबा सोडून उभी रेघ मारा. तळाशी एक ठिपका, आणि त्याच्या बरोबर ३१.४ इंच वर दुसरी खूण. १०० यार्डांवर ३० एमओए म्हणजे एवढंच. कागद रायफलपासून १०० यार्डांवर आहे हे टेपनं मोजून घ्या, डोळ्याच्या अंदाजानं किंवा रेंजवरच्या पाटीवरून नको; तो ९८ यार्डांवर असेल तर परीक्षेतच दोन टक्क्यांची चूक घुसली. आता तळच्या ठिपक्यावर नेम धरून पाच गोळ्या झाडा. मग डायल ३० एमओए वर फिरवा आणि त्याच ठिपक्यावर नेम धरून आणखी पाच झाडा. दोन गटांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. ३१.४ इंच भरलं तर स्कोप खरा. ३०.८ भरलं तर तो दोन टक्के कमी फिरतो. तसा गुणक अ‍ॅपमध्ये घाला आणि विषय संपवा. वरचा गट रेघेच्या डावी-उजवीकडे सरकला असेल, तर स्कोप रायफलवर तिरका बसला आहे. तीन अंशांचा कल उभ्या दिशेत जाणवतही नाही, पण ३८.५ एमओए चढवल्यावर गोळी आडवी दोन एमओए जाते, १०००ला २१ इंच, आणि नेमबाज बिचाऱ्या वाऱ्याला दोष देतो. आणखी एक गोष्ट पाहून घ्या. काही स्कोपचे क्लिक खऱ्या एमओएचे नसून १०० यार्डांना एक इंच या मापाचे असतात. दोघांत ४.७ टक्क्यांचा फरक आहे, म्हणजे १०००ला सुमारे पावणेदोन एमओए. इतक्या मोठ्या फरकानंतर बीसीच्या तिसऱ्या दशांश स्थळावर चर्चा करण्यात काही अर्थ उरत नाही.

वेगाबाबत माझा आग्रह असतो तो गोळ्यांच्या संख्येचा. गोळीगणिक वेग थोडा बदलतोच. हा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, १० फुटांचा असेल, तर पाच गोळ्यांची सरासरी खऱ्या सरासरीपेक्षा १२ फुटांपर्यंत सहज इकडेतिकडे असू शकते, आणि १२ फूट म्हणजे १०००ला चारेक इंच. वीस गोळ्यांची सरासरी घेतली की ही शंका पाच फुटांच्या आत येते. क्रोनोग्राफ नळीच्या दहा फूट पुढे असेल, तर तिथवर गोळीनं पाच-सहा फुटांचा वेग गमावलेला असतो, तोही परत मिळवावा लागतो. नळीला बांधायचे चुंबकीय क्रोनोग्राफ वेग चांगला मोजतात, पण त्यांच्या वजनानं नळीची थरथर बदलते आणि गोळी लागायची जागा सरकते. ते बांधलेले असताना झीरो करू नये. शेजारी ठेवायच्या छोट्या डॉप्लर रडारांनी या दोन्ही अडचणी दूर केल्या आहेत.

हवेचा दाब हा तर हमखास फसायचा मुद्दा. पुण्याची हवा उदाहरणाला घेऊ. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, म्हणून तिथे हवेचा खरा दाब ९४८ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. हवामानाच्या बातमीत मात्र १०१०-१०१३ असे आकडे दिसतात. बातमी चुकीची नसते. वेगवेगळ्या उंचीच्या गावांची तुलना करता यावी म्हणून हवामानखातं दाब समुद्रसपाटीला आणून सांगतं. गोळीला त्याच्याशी देणंघेणं नाही. ती जिथून जाते तिथली हवा कापते. १०१३ हा आकडा अ‍ॅपमध्ये जागेवरचा दाब म्हणून टाकला, की हवा सात टक्के जास्त दाट धरली जाते आणि १००० यार्डांचं भाकीत दीड-पावणेदोन एमओएनं चुकतं. लक्ष्यावर ते सुमारे ४५ सेंटिमीटर. हीच चूक लपवायला मग लोक बीसी वाढवतात. दाब हातातल्या यंत्रावर जागेवरच घ्यावा, आणि जागेवरचा दाब दिला असेल तर उंची वेगळी देऊ नये, नाहीतर उंचीचा हिशेब दोनदा होतो. दमटपणाची चिंता मात्र सोडून द्या. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, जड नव्हे, आणि या अंतरांवर तिचा परिणाम मोजण्याइतकाही नसतो. तापमान दोन वाटांनी काम करतं: गरम हवा विरळ होते, आणि काडतुसातली दारू गरम झाली की वेग वाढतो. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून ठेवून वाऱ्याची वाट पाहणारा नेमबाज पुढची गोळी वर का गेली हे शोधत बसतो.

एवढं झाल्यावर जुळवायचा दिवस ठरवा, आणि तो शांत वाऱ्याचा ठरवा. आडवा वारा गोळीला फक्त बाजूला नेतो असं वाटतं, पण ती फिरत असते, त्यामुळे वारा तिला थोडं वरखालीही करतो. उजव्या पिळाच्या नळीतून सुटलेली गोळी उजवीकडून येणाऱ्या वाऱ्यात थोडी वर आणि डावीकडून येणाऱ्या वाऱ्यात थोडी खाली लागते. जोराच्या वाऱ्यात हा फरक पाव ते अर्धा एमओए होतो, आणि त्या दिवशी जुळवलेल्या वेगात तो कायमचा जाऊन बसतो. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणामही आहे: पूर्वेकडे झाडलेली गोळी १००० यार्डांना दोन-तीन इंच वर लागते, पश्चिमेकडे झाडलेली तितकीच खाली. अंतर नीट मोजा. १०००च्या सुमारास गोळी इतक्या उतारानं खाली येत असते, की दहा यार्डांची चूक सात इंचांची होते. आणि एका गोळीवरून कधीही निर्णय घेऊ नका. चांगल्या रायफलच्या तीन गोळ्यांच्या गटाचं केंद्रसुद्धा १०००ला दोन-तीन इंच इकडेतिकडे असू शकतं. दहा गोळ्या झाडा, त्यांचा मध्य काढा, आणि फरक त्या मध्याशी पाहा. तोफखान्यात हेच शतकभर चालत आलं आहे. ठाऊक असलेल्या बिंदूवर काही गोळे टाकायचे, हिशेब आणि प्रत्यक्ष यांतला फरक काढायचा आणि तो पुढच्या माऱ्याला लावायचा. या शास्त्राची शाळा महाराष्ट्रातच, नाशिकजवळ देवळालीला आहे.

अंतर कोणतं घ्यायचं हे गोळीच सांगते. ध्वनीच्या सव्वापट वेगाच्या थोडं खाली आली की तिच्याभोवतीच्या हवेचं वागणं बदलू लागतं. आपल्या १७५ ग्रेनच्या गोळीला ही अवस्था समुद्रसपाटीच्या थंड हवेत ९०० यार्डांच्या सुमारास येते. त्याच्या अलीकडे फरक दिसला आणि स्कोप, झीरो, दाब सगळं तपासून झालं असेल, तर वेगाला थोडा हात लावायला हरकत नाही, पण क्रोनोग्राफच्या शंकेच्या मर्यादेतच. वीस गोळ्या मोजून २६०० आलेला वेग जुळवण्यासाठी २५६०वर न्यावा लागत असेल, तर चूक वेगात नाही, दुसरीकडे आहे. त्या अंतराच्या पलीकडे फरक दिसला, तर हात लावायचा तो हवेच्या अडथळ्याला.

त्या पलीकडच्या प्रदेशात गणितही कधी हतबल होतं. सिएराची १६८ ग्रेनची मॅचकिंग गोळी ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी घडवलेली होती आणि तिथे ती फार यशस्वी ठरली. तिची शेपूट १३ अंशांत निमुळती होते. ध्वनीच्या वेगाजवळ आल्यावर ही शेपूट गोळीला अस्थिर करते, ती डोलू लागते, आणि १००० यार्डांवर कागदाला आडवं भोक पडतं. १७५ ग्रेनच्या गोळीची शेपूट ९ अंशांची आहे, आणि ती हा पट्टा बऱ्याच शांतपणे ओलांडते. डोलणाऱ्या गोळीसाठी कोणताही बीसी बरोबर नसतो, कारण प्रत्येक गोळी वेगळी डोलते. कागदावर आडवी भोकं दिसली, की अ‍ॅप बंद करून गोळी बदलावी.

सगळं जुळल्यानंतर रायफलला चिकटवलेल्या कार्डावर अंतरं आणि एमओए लिहिले जातात. तिथेच तारीख, तापमान, जागेवरचा दाब, दारूचा आणि गोळीचा लॉट नंबर आणि नळीतून आतापर्यंत किती गोळ्या गेल्या हेही लिहून ठेवा. चेंबरपुढचा नळीचा भाग प्रत्येक गोळीगणिक थोडा जळतो आणि वेग हळूहळू सरकतो. दारूचा लॉट बदलला की वेग एका दिवसात बदलतो. नव्या लॉटची पेटी उघडाल तेव्हा जुनं कार्ड बाजूला ठेवा, आणि वीस गोळ्यांचा वेग पुन्हा मोजा.